पुन्हा माती होईल का?

दह्याचे पुन्हा दूध होत नाही, भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत, हे बालवाडीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण ‘का होत नाही?’ असे त्याने विचारले की आपण कला शाखेची मंडळी गडबडतो. शाळेत पाठ केलेले उत्तर तेवढे ओठांवर असते : भौतिक बदल उलटतो, रासायनिक बदल उलटत नाही. हे उत्तर अपुरे आहे असे मला वाटते. त्यासाठी आपल्या उपनगरांतल्या सणांच्याच तीन वस्तू घेऊ.

पहिली शाडूची गणेशमूर्ती. ओल्या मातीला आकार दिला आणि ती वाळली. म्हणजे कणांच्या मधले पाणी उडून गेले, एवढेच. माती मातीच राहिली. म्हणून मूर्ती बादलीत ठेवली की विरते, आणि तळाचा गाळ पुन्हा मळता येतो.

दुसरी दिवाळीची पणती. तीही मातीचीच, पण भाजलेली. भट्टीत पाच-सहाशे अंशांच्या वर कणांच्या घडणीतच बांधलेले पाणी निघून जाते आणि कण एकमेकांना जखडले जातात. पणती महिनाभर भिजत ठेवा, ती पणतीच राहील. फोडलीत तर खापऱ्या होतील, मळता येणारी माती होणार नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची खापरे सापडली, ती यामुळेच.

तिसरी प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती. आणि येथेच आपला पाठ केलेला नियम अडखळतो. जिप्सम हे खनिज दीडशे अंशांच्या आसपास तापवले की त्यातले पाऊण हिस्सा पाणी जाते व पांढरी भुकटी उरते. तिच्यात पाणी कालवले की ती गरम होते आणि थोड्याच वेळात घट्ट होते. वास्तविक तिचे पुन्हा जिप्समच झालेले असते! बदल रासायनिक खरा, पण उलटणारा. मग ही मूर्ती पाण्यात का विरत नाही? कारण तिची पुन्हा भुकटी करायला भट्टीची उष्णता हवी, पाणी नव्हे. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. म्हणून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जुहू-वर्सोव्याच्या वाळूत हात, मुकुट, सोंडा पडलेल्या दिसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा मूर्तींना मनाई केली, त्यामागे हेही एक कारण आहे.

तात्पर्य, ‘बदल उलटतो का?’ एवढे विचारून भागत नाही. उलटवायला काय लागते, आणि वस्तू जिथे टाकली तिथे ते आहे का, हेही विचारावे लागते.

राष्ट्रीय सेवा योजनेतून बालवाडीत जाणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझी एक सूचना आहे. पाण्याने भरलेल्या तीन वाट्या न्याव्यात. एकीत शाडूचा खडा, दुसरीत पणतीचा तुकडा, तिसरीत प्लास्टरचा तुकडा टाकावा आणि दुसऱ्या दिवशी मुलांनाच बघू द्यावे. व्याख्या सांगू नये. फक्त विचारावे : याचे पुन्हा पहिल्यासारखे करायचे तर काय लागेल? कोणती मूर्ती घरी आणावी, हे मग तीच आईबाबांना सांगतील.