इंजिन 'बरोबरी' दाखवतं, तरी डाव कसा हरतो?

मोबाईलवर बुद्धिबळाचा लाइव्ह डाव पाहताना पटाशेजारी काळी-पांढरी पट्टी खालीवर होत असते. आकडा +1 म्हणजे पांढऱ्याची साधारण एका प्याद्याची सरशी, 0.0 म्हणजे बरोबरी. पण ही बरोबरी दोघांनीही अचूक चाली केल्या तरच. त्या शोधायला किती सेकंद उरलेत, हे पट्टीला कळत नाही.

28 जुलै 2025, जॉर्जियातलं बाटुमी. महिला विश्वचषकाची फायनल, नागपूरची 19 वर्षांची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हम्पी. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत, म्हणून टायब्रेक: प्रत्येकी 15 मिनिटं आणि दर चालीला वरचे 10 सेकंद. हम्पी तेव्हाची रॅपिडमधली जगज्जेती, त्यामुळे कागदावर पारडं तिचंच जड. पहिला रॅपिड डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. शेवटी हम्पीचं घड्याळ आटत गेलं. चुका दिव्याकडूनही झाल्या, पण महागात पडल्या त्या हम्पीच्या. निकाल 2.5-1.5.

जपानी शोगीत मेइजिन किताबाच्या एका डावाला प्रत्येकी 9 तास मिळतात, डाव दोन दिवस चालतो. तरी वेळ संपला की तिथंही मिनिटाला एक चाल!

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. खासबागेत मातीवर कब्जा घेतलेला मल्ल जिंकलेला नसतो, चितपट व्हावी लागते.

म्हणून '+2 असताना हरली' असा स्क्रीनशॉट आला, तर आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा.

जाता जाता: या विजयाने दिव्या थेट ग्रँडमास्टर झाली. बाटुमीला गेली तेव्हा तिच्याकडे त्या किताबाचा एकही नॉर्म नव्हता.