गरिबी अंगावर दिसते काय?

संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान जमा झाले की आमच्या बँकेच्या शाखेत सकाळपासून रांग लागते. मागे अशाच एका रांगेत अंगाने स्थूल असलेल्या एका विधवा भगिनीने पासबुक पुढे केले, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "ही कसली निराधार? चांगली खाऊन-पिऊन आहे की!" चार लोक हसले. आम्ही काउंटरच्या आत मान खाली घालून नोटा मोजत राहिलो. त्या बाईंनी पैसे न मोजताच पदराला बांधले व त्या निघून गेल्या. आमचे ते गप्प बसणे अजून टोचते, म्हणून हा विषय समाजबांधवांपुढे मांडत आहोत.

गरीब म्हणजे हडकुळा, ही समजूत उगाच झालेली नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या नगर जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांनी खडी फोडून, सुकडी व मिलो खाऊन दिवस काढले, हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले आहे. तेव्हा भूक बरगड्यांवर दिसत होती. पुढे भुकेचे रूप बदलले, आपली नजर मात्र तेथेच राहिली.

आम्ही आकडेमोडीची नोकरी करणारे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. विधवा भगिनीला निराधारचे दरमहा १५०० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला ५० रुपये. तेल-मीठ, औषध, वीजबिल सर्व त्यातच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते व जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा मोठाच आधार आहे. परंतु डाळ, अंडी, दूध, भाजी विकतच आणावी लागते. एक किलो तूरडाळ घेतली की दोन दिवसांचे अनुदान संपते. मग आमटी पातळ होते, भात वाढतो आणि भूक मारायला गोड चहा होतो.

धान्य, साखर व तेल यांतून शरीराला ऊर्जा स्वस्तात मिळते. प्रथिने व लोह महाग पडतात. त्यामुळे वजन वाढते आणि रक्त मात्र कमी राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले, तर ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. स्थूलपणा आणि अशक्तपणा एकाच देहात नांदू शकतात, हे आपण समजून घेतले पाहिजे.

सरकारी मोजमापही बराच काळ पोटापुरतेच होते. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी दरडोई रोज २२५० उष्मांक ही कसोटी धरून देशातील दारिद्र्य मोजले. त्यांच्या अभ्यासाने गरिबीचा प्रश्न ऐरणीवर आला. परंतु उष्मांक पुरले म्हणजे पोषण झाले असे नव्हे. २०११ मध्ये तर नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरात ३२ व खेड्यात २६ रुपये रोज ही रेषा सांगितली, तेव्हा देशभर टीका झाली.

गरिबाच्या ताटात डोकावण्याची सवय फार जुनी आहे. जयपूर संस्थानातील चकवारा गावी अस्पृश्यांनी आपल्या पंगतीत तूप वाढले, एवढ्यावरून सवर्णांनी लाठ्यांनी हल्ला केला. ही घटना बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदविली आहे. आज लाठी नाही, टोमणा आहे. आणि तो टोमणा आपणही मारतो, हे कबूल केले पाहिजे. नोकरी लागून शहरात स्थिरावलेले आपण वस्तीतल्या नातेवाइकाबद्दल सहज बोलून जातो, "मटणाला पैसे आहेत, पोराच्या फीला नाहीत." महिन्यातून एकदा मटण शिजले, तर तो दिवस त्यांनीही सुखाने का खाऊ नये?

तेव्हा बंधू-भगिनींनो, कोणाची गरिबी अंगावरून ठरवू नये. वस्तीत ज्यांची नावे रेशनकार्डावर नाहीत, त्यांचे अर्ज भरून द्यावेत. आया-बहिणींना सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्यावे. आणि रांगेत कोणी असे बोललाच, तर आमच्यासारखी मान खाली घालू नये; त्याला तेथेच थांबवावे.