जुन्या वृत्तपत्रांतील जपान आणि आपण

जुन्या मराठी वृत्तपत्रांतील परदेशविषयक मजकुराकडे अभ्यासकांचेही अनेकदा दुर्लक्ष होते. तो शिळा झालेल्या बातम्यांचा ढीग वाटतो. वस्तुतः परराष्ट्रांविषयी लिहिताना त्या काळचे संपादक बहुधा स्वदेशाविषयीच लिहीत असत.

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत सुरू झाले. १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे 'प्रभाकर'मध्ये येऊ लागली. इंग्रजांची विद्या आणि उद्यमशीलता समोर ठेवून त्यांनी स्वकीयांचे दोष परखडपणे दाखवले. १८७४ साली 'निबंधमाला' सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी या आत्मनिंदेला विरोध केला. तथापि, दोघांच्याही विवेचनात तुलनेचा मापदंड होता तो इंग्लंडच.

हा मापदंड बदलला तो १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धाने. जानेवारी १९०५ मध्ये पोर्ट आर्थर पडले आणि मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियन आरमाराचा धुव्वा उडाला. आशियाई राष्ट्राने युरोपीय महासत्तेला नमवल्याच्या या वार्तेने हिंदुस्थानातील सुशिक्षित वर्ग भारावून गेला. 'केसरी'च्या वाचकाला आता इंग्लंडखेरीज दुसरा आदर्श मिळाला होता. सप्टेंबरमध्ये पोर्टस्मथचा तह झाला आणि १६ ऑक्टोबरला बंगालची फाळणी अमलात आली. स्वदेशीच्या चळवळीला जपानचे उदाहरण नेमके हाताशी आले.

जपानचे गुणगान इतके मोकळेपणाने कसे करता आले, हेही पाहण्याजोगे आहे. राजद्रोहाचे कलम १८७० मध्येच दंडसंहितेत आले होते. १८९७ साली याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी ते कलम अधिक व्यापक करण्यात आले. सरकारवर थेट टीका करणे जोखमीचे झाले, की परक्या देशाचा इतिहास उपयोगी पडतो. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांची वक्रोक्ती अशा आडमार्गांसाठीच प्रसिद्ध होती. जपानच्या बाबतीत तर आडपडद्याचीही फारशी गरज नव्हती. १९०२ पासून जपान हा ब्रिटनचा करारबद्ध मित्र होता. परदेशच्या तारा रॉयटरमार्फत लंडनहून येत आणि तेथील लोकमतही जपानच्याच बाजूचे होते. सरकारच्या मित्राचे कौतुक करणाऱ्या संपादकावर राजद्रोहाचा ठपका कोण ठेवणार?

या कौतुकाची फळे केवळ कागदावर राहिली नाहीत. हिंदी तरुण उद्योगविद्या शिकण्यासाठी जपानला जाऊ लागले. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ च्या सुमारास तळेगावला काच कारखाना काढला. तेथे काचकाम शिकवणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे जपानमध्येच ती विद्या शिकून आले होते.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. ऑगस्ट १९०५ मध्ये ब्रिटन व जपान यांनी आपला करार नव्याने केला. त्यात कोरियावरील जपानचे वर्चस्व ब्रिटनने मान्य केले आणि हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेच्या रक्षणासाठी ब्रिटनने योजलेल्या उपायांना जपानने मान्यता दिली. म्हणजे ज्या राष्ट्राकडे येथील वाचक मुक्तीच्या आशेने पाहत होता, तेच राष्ट्र त्याच्या पारतंत्र्याला हातभार लावत होते. नोव्हेंबर १९०५ मध्ये कोरिया जपानचे संरक्षित राज्य झाले आणि १९१० मध्ये ते जपानी साम्राज्यात विलीन करण्यात आले. आशियाचा विजय कोरियन माणसाच्या वाट्याला गुलामी म्हणून आला.

यावरून जुन्या संपादकांना भोळे ठरवणे अन्यायाचे होईल. पराभूत समाजाला आत्मविश्वास हवा होता आणि तो त्यांनी जेथून मिळाला तेथून घेतला. परंतु दुसऱ्या राष्ट्रात आपण आपल्याच आकांक्षा पाहू लागलो, की त्या राष्ट्राचे शेजारी दिसेनासे होतात. आजही वृत्तपत्रे एखाद्या देशाला आदर्श, तर एखाद्याला शत्रू ठरवतात. अशा वेळी वाचकाने दोन प्रश्न जरूर विचारावेत: ही बातमी कोणाच्या मार्गाने आपल्यापर्यंत आली, आणि त्या देशाच्या शेजाऱ्यांना ती कशी वाटली असेल?