जुन्या जीपचा पुढचा आस आणि ब्रेक

काशीतील ब्रह्मा घाटाच्या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. येथील गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून गाय आली तर माणसाने भिंतीला पाठ लावून उभे राहावे. वस्तीतील एखाद्याच्या वाट्याला वडिलांची जुनी जीप आलीच, तर ती मैदागिनकडील रुंद रस्त्याच्या कडेला ठेवावी लागेल, आणि बहुधा ती तेथे महिनोन्‌महिने उभीच राहील. उभ्या गाडीचे ब्रेक बिघडत नाहीत, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्धानंतर मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने या जातीच्या गाड्या जुळविण्यास प्रारंभ केला. त्यांची रचना उघडी व सरळ असल्यामुळे यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या पाठ्यपुस्तकासारख्या आहेत. मात्र प्रारंभीच एक सूचना द्यावीशी वाटते. युद्धकालीन जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत. हे ठाऊक नसलेला मनुष्य पाना घेऊन जोर लावतो आणि पहिल्याच पावलाला बोल्ट मोडतो.

पुढचा आस म्हणजे एक पोकळ, भक्कम दांडा. त्याच्या दोन्ही टोकांस पोलादी गोलक असून त्यांभोवती चाके डावी-उजवी वळतात. हे वळणे वर एक व खाली एक अशा दोन शंक्वाकार बेअरिंगांवर होते. ही बेअरिंगे झिजली की ठराविक वेगाला चाके थरथरू लागतात आणि सुकाणूचक्र हातात नाचते. चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवल्यास सोबत्यास ब्रेक दाबावयास सांगून पुन्हा हलवावे. खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगात आहे. चालूच राहिली तर वळणाच्या बेअरिंगात. पातळ पत्र्याच्या चकत्या कमी-अधिक करून त्यांवरील दाब जुळवितात.

वळणाचा हा अक्ष सरळ उभा नसतो. त्याचे वरचे टोक सुमारे ३ अंश मागे झुकलेले असते. सायकलचा पुढचा चिमटा तिरका का असतो, याचेही उत्तर हेच. अक्षाची रेषा जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या जागेपुढे मिळते, म्हणून चाक मागे ओढले जाऊन आपोआप सरळ होते. खड्ड्यात आदळून आस वाकला असेल, तर हा गुण नष्ट होतो.

आस आणि ब्रेक यांची दुरुस्ती एकाच वेळी करावी. आसातील तेल आतल्या सीलमधून गोलकात व तेथून बाहेर झिरपते, आणि अखेर ब्रेकच्या लायनिंगवर येते. एकाच बाजूचे लायनिंग तेलकट झाले, तर ब्रेक दाबताच गाडी दुसऱ्या बाजूस ओढते. मैदागिनच्या गर्दीत, रिक्षा आणि शाळेची मुले यांच्यामध्ये, तो हातभर वळसादेखील प्राणावर बेतू शकतो. म्हणून लायनिंग नेहमी जोडीने बदलावे.

कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम या ब्रेकच्या मुळाशी आहे. जीपमधील मुख्य सिलिंडर व पुढच्या चाकांचे सिलिंडर १ इंच व्यासाचे, मागच्यांचे पाऊण इंच. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणजे मागच्या चाकांना पुढच्यांच्या ९/१६ इतकेच बल मिळते. थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून ही वाटणी योग्यच आहे. चालकासह ११०० किलो वजनाची जीप ताशी ५० किलोमीटर वेगावरून थांबविताना जी उष्णता निर्माण होते, ती पाव लिटर पाणी बर्फाइतक्या थंडीपासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेल. वेग दुप्पट झाला, तर ती चौपट.

ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. ‘डॉट ३’ जातीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू मानकानुसार निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर १४० अंश पुरेसा मानतात. उभ्या गाडीत हेच पाणी सिलिंडरच्या तळाशी लोखंडाला गंज चढविते आणि खळगे पाडते. त्यांवरून रबरी वाटी सरकली की ऑइल गळू लागते. गंज वरवरचा असेल तर सिलिंडर घासून चालतो. खळगे खोल असतील तर आत पितळेचा नळा बसवावा किंवा नवा सिलिंडर घ्यावा. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच मार्ग असतो. एक वाटी फाटली की सगळेच ब्रेक जातात. येथे काटकसर करणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन अनेक वर्षांनी कर्करोग उत्पन्न करू शकते. ड्रम फुंकून साफ करणाऱ्या मिस्त्रीला हे कोणी सांगितलेले नसते. धूळ ओल्या फडक्याने पुसावी व फडके पिशवीत बंद करून टाकावे.

अखेरीस सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून नळ्यांतील हवा काढावी. हवा दबते, द्रव दबत नाही. पायाखाली ब्रेक स्पंजासारखा लागला तर हवा राहिली आहे. मग मोकळ्या मैदानात हळू वेगाने चार-सहा वेळा थांबून ड्रमांजवळ हाताची पाठ न्यावी. पुढचे दोन्ही सारखेच उबदार लागले पाहिजेत.