‘यू माइट वॉन्ट टू’ म्हणजे नक्की काय? संशोधनातलं कामकाजी इंग्रजी

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. आमच्या गटाचं इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेबरोबर संयुक्त काम सुरू होतं. दर पंधरवड्याला ऑनलाइन मीटिंग व्हायची. माझं काम फोटोकॅटॅलिसिसचं: मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाच्या द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड टाकायची, त्यावर अतिनील प्रकाश सोडायचा आणि रंग किती वेळात जातो ते मोजायचं. माझे आलेख झकास आले होते. ते दाखवल्यावर तिकडचे प्राध्यापक हसून म्हणाले, “व्हेरी इंटरेस्टिंग. यू माइट वॉन्ट टू रन अ डार्क कंट्रोल.”

मी मनातल्या मनात भाषांतर केलं: ‘छान आहे. वाटलं तर अंधारातही एकदा प्रयोग करून बघ.’ मला तसं काही वाटलं नाही, म्हणून मी केला नाही.

तीन महिन्यांनी पेपरचा मसुदा तिकडे गेला आणि पहिलाच प्रश्न आला: डार्क कंट्रोल कुठे आहे? प्रश्न रास्त होता. द्रावणातला रंग कमी होतो तो दोन कारणांनी. एक तर प्रकाशामुळे सुरू झालेल्या अभिक्रियेत रंगाचा रेणू तुटतो, किंवा तो पुडीच्या पृष्ठभागावर नुसता चिकटून बसतो. चिकटणं अंधारातही होतं. म्हणजे अंधारातलं मोजमाप नसेल, तर रंग तुटला की चिकटला हे सांगताच येत नाही. सगळे प्रयोग पुन्हा केले. मी ज्याला विघटन समजत होतो, त्यातला बराच भाग चिकटण्याचा निघाला. मसुदा अर्धा बदलावा लागला. आमचे सर एवढंच म्हणाले, “अरे, ते त्यांनी तुला तेव्हाच सांगितलं होतं ना!”

सांगितलं होतं. मी ते ‘सुचवलं’ असं ऐकलं होतं. प्रत्येक शब्दाचा अर्थ मला माहीत होता, वाक्याचा अर्थ मात्र कळला नव्हता.

हे असं का होतं?

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये सभ्यतेबद्दल एक प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. थोडक्यात असा: कुणीही आपल्यावर काही लादलेलं माणसाला आवडत नाही. म्हणून समोरच्याला काम सांगताना किंवा त्याची चूक दाखवताना आपण वाक्य मऊ करतो. इंग्रजीत हे काम ‘माइट’, ‘पर्हॅप्स’, ‘आय वंडर’ असे शब्द करतात. ते मतातली शंका दाखवतातच असं नाही. पुष्कळदा ते फक्त सभ्यतेसाठी असतात.

आपल्याला हे नवीन आहे का? अजिबात नाही. आपण घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो. नुकतंच मराठी शिकणारा माणूस दारातच वाट बघत बसेल! ऑफिसात साहेब म्हणाले, “जरा ती फाइल एकदा बघून घेता का?” तर तो प्रश्न नसतो, हे शिपायापासून सगळ्यांना कळतं. आणि उसने पैसे मागितल्यावर कुणी ‘बघू’ म्हणालं, तर आपण समजायचं ते समजतो. म्हणजे आडून बोलणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. फक्त इंग्रजीतल्या खुणा वेगळ्या आहेत, आणि त्या व्याकरणाच्या पुस्तकात फारशा सापडत नाहीत.

ऐकलेलं आणि समजायचं

माझ्या वहीतली काही वाक्यं देतो. बोलणारा कोण, सूर कसा, यावर अर्थ बदलतो. पण सुरुवातीला असं धरून चाला:

- ‘यू माइट वॉन्ट टू...’: हे कर. नाही केलंस तर कारण सांग.
- ‘हॅव यू कन्सिडर्ड...?’: यात काहीतरी राहिलंय असं मला वाटतं.
- ‘आय अ‍ॅम नॉट शुअर आय फॉलो’: मला पटलेलं नाही, पुन्हा नीट समजाव.
- नुसतं ‘इंटरेस्टिंग’: याला कौतुक समजू नका. पुढचं वाक्य कान देऊन ऐका, खरं मत तिथे असतं.
- परीक्षकाच्या अहवालात ‘द ऑथर्स मे विश टू...’: ते करा, नाहीतर का केलं नाही हे उत्तरात लिहा. गप्प बसणं हा पर्याय नाही.
- ‘मेजर रिव्हिजन’: हे वाचून रडू नका. पेपर नाकारलेला नाही, दार उघडं आहे.

आपलं इंग्रजी त्यांना कसं ऐकू येतं?

गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. आपण ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो तेव्हा मनात ‘एक शंका आहे’ असतं, म्हणजे साधा प्रश्न. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला ‘तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही’ असं ऐकू येऊ शकतं. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. ‘आय विल रिव्हर्ट’ म्हणजे आपल्यासाठी ‘उत्तर देतो’. त्यांच्यासाठी ‘पूर्वस्थितीला जातो’. ‘पास्ड आउट इन 2019’ म्हणजे आपण पदवी घेतली. त्यांच्या कानाला कदाचित आपण बेशुद्ध पडलो! ‘प्लीज डू द नीडफुल’ हा एके काळी ब्रिटिश पत्रव्यवहारातलाच प्रयोग, पण आता तिकडे तो जुनाट वाटतो. शिवाय नेमकं काय हवंय ते त्यातून कळत नाही.

याचा अर्थ आपलं इंग्रजी चुकीचं आहे असा मुळीच नाही. ‘प्रीपोन’ हा आपल्याकडे रुळलेला शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. मुद्दा समोर कोण आहे हा आहे. आणि इंग्रजी बोलणाऱ्यांचंही आपसात असंच होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांच्या एका बैठकीत ‘टेबल’ या क्रियापदावरून बराच वाद झाला. ब्रिटिशांसाठी त्याचा अर्थ ‘चर्चेला घेणे’, अमेरिकनांसाठी ‘बाजूला ठेवणे’. दोघांनाही विषय चर्चेला घ्यायचाच होता! चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या इतिहासात हा किस्सा नोंदवला आहे.

लॅबमधली बोली

काही अनौपचारिक शब्द मात्र रोज कानावर पडतील. ‘हेड्स-अप’ म्हणजे आधी दिलेली कल्पना: ‘शुक्रवारी मशीन बंद असेल, जस्ट अ हेड्स-अप.’ ‘सॅनिटी चेक’ म्हणजे उत्तर मुळात शक्य कोटीतलं आहे ना, हे पटकन तपासणं. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा. ‘बॅक ऑफ द एन्व्हलप’ म्हणजे पाकिटाच्या पाठीवर मावेल इतका झटपट हिशेब. अशा हिशेबांत एन्रिको फर्मी वस्ताद. 16 जुलै 1945 रोजी न्यू मेक्सिकोत पहिली अणुचाचणी झाली, तेव्हा त्यांनी हातातले कागदाचे कपटे सोडले, स्फोटाच्या धक्क्याने ते किती लांब उडाले ते पाहिलं आणि सुमारे 10 किलोटन असा अंदाज सांगितला. आजचे आकडे 20 किलोटनांच्या पुढचे आहेत, पण अंदाज योग्य पट्टीतला होता. तुम्हाला कुणी ‘बॉलपार्क’ विचारलं तर एवढीच अपेक्षा असते. ‘उद्या नीट काढून सांगतो’ म्हणू नका.

हे शब्द बोलण्यात चालतात. पेपरमध्ये किंवा अनोळखी प्राध्यापकाला पाठवलेल्या पहिल्या मेलमध्ये मात्र नकोत.

मग शिकायचं कसं?

शंभर वाक्प्रचारांची यादी पाठ करून काही होत नाही, मी करून बघितलंय. त्याऐवजी एक वही घाला. तीन रकाने: कोण, कुणाला, कधी बोललं, नेमकं वाक्य, आणि त्यानंतर प्रत्यक्षात काय घडलं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वाक्याचा खरा अर्थ तिथेच कळतो. एखादा प्रयोग दोन-तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकल्याशिवाय स्वतः वापरू नका.

आणि एक वाक्य मात्र आजच पाठ करा: ‘जस्ट टू कन्फर्म, शुड आय डू दिस बिफोर द नेक्स्ट मीटिंग?’ म्हणजे, हे पुढच्या मीटिंगच्या आत करू ना? मीटिंग संपल्यावर ठरलेल्या कामांचा दोन ओळींचा मेलही टाका. असं विचारलं तर आपलं इंग्रजी कच्चं आहे हे उघडं पडेल, अशी मला भीती वाटायची. प्रत्यक्षात उलटं झालं. हल्ली तिकडचे प्राध्यापकच मीटिंगच्या शेवटी मला कामांची यादी वाचून दाखवायला सांगतात.

त्या दिवशी हे एक वाक्य तोंडून निघालं असतं, तर तीन महिने वाचले असते. तुमचे वाचवा.