पोलिसांची गोळी आणि तिचा हिशोब



आठवीला महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीचा पाठ शिकवून झाला की मी मुलांना हुतात्मा चौकात घेऊन जाते. गेल्या खेपेला स्मारकासमोर उभी राहून नेहमीची माहिती सांगत होते. संयुक्त महाराष्ट्राचा लढा, १०६ हुतात्मे, १ मे १९६०. मध्येच एका मुलाने विचारलं, "बाई, पोलिसांनी आपल्याच माणसांवर गोळ्या का झाडल्या?" मी उत्तर जुळवतेय तोच मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "माझे बाबा पोलीस आहेत. साहेबांनी सांगितलं तर त्यांनाही झाडावी लागेल का?" ती नायगावच्या पोलीस वसाहतीत राहते.

"वर्गात बोलू या" असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न पाठ सोडेना. पोलीस वाईट असं सांगितलं तर त्या मुलीवर अन्याय. पोलिसांचं नेहमी बरोबरच असतं असं सांगितलं तर त्या १०६ जणांवर अन्याय. मग थोडं वाचलं, थोडा विचार केला. तोच इथे मांडते. तुमच्याही वर्गात किंवा घरात हा प्रश्न कधीतरी येईलच.

आधी घडलं ते

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला जमलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली आणि शहर पेटलं. पुढचे काही दिवस गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांत पुन्हा पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. दगडफेक, जाळपोळ झाली होती, हेही मुलांपासून लपवू नये. पण मरणाऱ्यांत गिरणी कामगार होते, विद्यार्थीही होते.

यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी अशी मागणी झाली आणि ती नाकारली गेली. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, तेव्हा चौकशी नाकारल्याबद्दलही संसदेत स्पष्ट बोलले. म्हणजे दुःख दोन होती. एक, माणसं गेली. दुसरं, प्रत्येक गोळी कोणी, कोणाच्या हुकमाने, कशासाठी झाडली याचा हिशोब लोकांसमोर आलाच नाही.

नियम काय म्हणतो?

मुलांना वाटतं, पोलिसाकडे बंदूक आहे म्हणजे ती चालवायचा हक्कही आहे. तसं नाही. बेकायदा जमाव पांगवायचा हुकूम दंडाधिकारी किंवा ठरावीक दर्जाचा पोलीस अधिकारीच देऊ शकतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे.

१९६४ साली देशभरातल्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने जमावावर बळ वापरण्याचे आदर्श नियम स्वीकारले. त्यांचा गाभा साधा आहे. आधी इशारा. मग अश्रुधूर, लाठी. गोळी सगळ्यात शेवटी, तीही लागेल तेवढीच. नेम खाली धरायचा आणि जमावाच्या सर्वांत धोकादायक भागावर धरायचा. जमाव मागे सरू लागला की गोळीबार लगेच थांबवायचा. लोकांच्या डोक्यावरून गोळ्या झाडायच्या नाहीत. मुलांना हे उलटं वाटतं, कारण सिनेमात हवेत गोळीबार म्हणजे दयाळूपणा. पण लालबाग-परळची चाळ डोळ्यांसमोर आणा. वर झाडलेली गोळी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या आजीला लागू शकते. तिने तर काहीच केलेलं नसतं.

हातातल्या शस्त्राचीही शिस्त असते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून ती हाताळायची. जिथे मारायचं नाही तिथे नळी रोखायची नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. समोरच्याच्या मागे कोण आहे ते आधी पाहायचं. दिलेली काडतुसं मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची. झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्याही गोळा करायच्या. हिशोब इथूनच सुरू होतो.

हिशोब मागितला की काय होतं?

आपल्या भागातून जरा उपनगरात जाऊ. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. १० जणांचा जीव गेला. या वेळी न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने चौकशी केली. खटलाही चालला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. पुढे अपिलात उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. वस्तीतल्या लोकांना हे पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. तरी १९५६ मध्ये जे झालं नाही ते इथे झालं. हुकूम देणाऱ्याला उत्तर द्यावं लागलं.

दुसरा प्रकार चकमकीचा. १९९० च्या दशकात मुंबईत 'एन्काउंटर' हा घरोघरचा शब्द झाला. वर्तमानपत्रं कौतुक करत, आपणही टाळ्या वाजवल्या. १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकी आणि त्यांतले १३५ मृत्यू यांच्याबद्दलची याचिका अखेर सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. २३ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने १६ नियम घालून दिले. चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा. दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हायची. पोलिसांनी आपली शस्त्रं तपासणीसाठी द्यायची. चकमक झाल्या झाल्या शौर्यपदक किंवा बढती द्यायची नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र २०११ च्या निकालात सापडलं. वर्सोव्यातल्या २००६ च्या एका चकमकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की बनावट चकमक म्हणजे खूनच, आणि वरिष्ठांचा हुकूम होता ही सबब चालणार नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच प्रकरणात पोलिसांची जन्मठेप कायम ठेवली आणि आधी सुटलेल्या एका अधिकाऱ्यालाही दोषी ठरवलं.

गिरगाव चौपाटीची रात्र

आता दुसरी बाजू. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती. दोन अतिरेक्यांची गाडी अडवली गेली. पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांनी एक जण मेला. ते योग्यच होतं, कारण समोरून माणसं मारली जात होती. दुसरा, कसाब, गोळ्या झाडत असताना तुकाराम ओंबळे यांनी त्याच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. सगळ्या गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यांच्याकडे होती फक्त लाठी. सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडलं.

तेव्हा त्याला तिथेच संपवलं असतं तर कोणी विचारलं असतं का? पण तो जिवंत राहिला म्हणून कटाचा उलगडा झाला. पुरावे कोर्टात तपासले गेले. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुरावा न टिकल्याने सुटले. कसाबची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत तपासली गेली आणि मगच, २०१२ मध्ये, फाशी झाली. ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पोलिसाचं शौर्य म्हणजे किती गोळ्या झाडल्या एवढंच नसतं, हे मुलांना याहून चांगलं कशाने सांगणार?

वर्गात काय कराल?

मी फळ्यावर पाच प्रश्न लिहिते. कोणाचा जीव धोक्यात होता? दुसरा उपाय उरला होता का? हुकूम कोणी दिला? मागे कोण उभं होतं? नंतर चौकशी कोणी केली? मग मुलांचे गट करून एकेका गटाला एकेक घटना देते. पालकांनी घरी टीव्हीवर चकमकीची बातमी लागली की हेच पाच प्रश्न विचारून पाहावेत. टाळी वाजवण्याआधी विचारले तर जास्त बरं. आणि वर्गात पोलिसांची मुलं असतील तर त्यांना कोणाची बाजू घ्यायला लावू नका.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, "तुझ्या बाबांना हुकूम पाळावा लागतो, पण कायदा साहेबांनाही लागू आहे. बेकायदा हुकूम हा हुकूमच नाही." दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत आली. म्हणाली, "बाई, बाबांना विचारलं. ते म्हणाले, ड्युटी संपली की एकेक गोळी मोजून परत द्यावी लागते. एक जरी कमी भरली तरी घरी सोडत नाहीत."

आम्ही वहीत पाठाखाली तेच वाक्य लिहून घेतलं.