घरच्या ऊन पाण्याचा लहान पंप : त्याची निवड

शेतकरी बंधूंच्या घरांवर आतां ठिकठिकाणीं सौर बंब दिसूं लागले आहेत. न्हाणीघरांतील सरपणाचा बंब त्यामुळें थंडावला, हें चांगलेंच झालें. परंतु घर लांबट असलें म्हणजे एक नवीच अडचण उभी राहते. टांकी पुढल्या माडीवर आणि न्हाणीघर मागल्या अंगणाकडे, अशी आपल्याकडील घरांची रचना. पहांटे तोटी उघडली म्हणजे बराच वेळ गारच पाणी येतें व तें मोरींत जातें. माझ्या घरीं हें अंतर १०० फूट आहे. नळाचा आंतील व्यास २० मिलिमीटर धरला तर एवढ्या लांबींत सुमारें साडेनऊ लिटर पाणी मावतें. दिवसांतून तीन वेळां नळ निवाला तर २८ लिटर पाणी वायां गेलें. वैशाखांत टँकरची वाट पाहणाऱ्या घरास हें परवडण्यासारखें नाहीं.

यावर उपाय म्हणजे न्हाणीघरापासून टांकीच्या तळाकडे दुसरा, परतीचा नळ नेणें व त्यावर लहान पंप बसवून नळांतील निवालेलें पाणी टांकींत परत फिरविणें. पंप कोणता घ्यावा, या प्रश्नावर मात्र मी सपशेल फसलों. दुकानदारानें विचारलें, "माडी किती उंच?" मीं सांगितलें, २५ फूट. त्यानें अर्ध्या अश्वशक्तीचा पंप पुढें केला आणि मलाही तें पटलें. कारण विहिरीची खोली पाहूनच पंप ठरवावयाचा, हेंच जन्मभर पाहिलेलें. त्या पंपाची घरघर घरभर ऐकूं येई. तो गार पाण्यासाठीं बनविलेला असल्यामुळें दोन महिन्यांत त्याचें सील गळूं लागलें. शिवाय आम्हीं तो एकदां रात्रभर चालूं ठेवला. नळांच्या वाटेनें उष्णता निघून गेली, टांकीच्या वरच्या भागांतील ऊन पाणी तळच्या गार पाण्यांत मिसळलें व पहांटे सर्व टांकी कोमट झालेली! घरांत त्या वेळीं बाळंतीण होती. तिच्या न्हाण्यासाठीं पुन्हां सरपणच पेटवावें लागलें.

चूक कोठें झाली तें आतां सांगतों. विहिरीचें पाणी वर चढतें तें वरच राहतें. तें उचलण्याचा सर्व भार पंपावर पडतो. येथें तसें नाहीं. एका कप्पीवरून दोर टाकून दोन्ही टोकांस सारख्याच भरलेल्या घागरी बांधाव्या, म्हणजे एक वर जातांना दुसरी खालीं येते व ओढणाऱ्यास केवळ कप्पीचें घर्षण सोसावें लागतें. नळांचा फेरा पाण्यानें पूर्ण भरलेला असला म्हणजे असेंच होतें. माडी एक असो कीं तीन, उंची हिशेबांत धरावयाचीच नाहीं. फक्त नळाचें घर्षण धरावयाचें. मात्र परतीचा नळ टांकींतील पाण्याच्या पातळीखालीं जोडला पाहिजे. तो वरून मोकळा सोडला तर त्या पातळीच्या वरचें पाणी पंपास खरोखरच उचलावें लागतें.

आतां आकडे, त्यांवांचून जुन्या महसुली कारकुनास चैन पडत नाहीं. जाण्यायेण्याचा २०० फुटांचा पाऊण इंची फेरा व मिनिटास ६ लिटर प्रवाह धरला तर घर्षण, कोपरे धरूनही, सुमारें एक मीटर उंचीइतकेंच भरतें. एवढ्यास २५ वॅटांच्या आसपासचा पंप पुरतो व न्हाणीघरापर्यंतचें पाणी दीड-दोन मिनिटांत बदलतें. रोज तीन तास चालविल्यास महिन्यास सव्वादोन युनिट वीज लागते. अर्ध्या अश्वशक्तीस तितक्याच वेळांत ३३ युनिटांहून अधिक लागली असती.

घेतांना पंपाचें अंग कशाचें आहे तें अवश्य विचारावें. असे पंप मुळांत थंड देशांतील घरें उबदार राखण्यासाठीं निघाले. जर्मनींतील डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ऑप्लेंडर यांनीं तसा पंप १९२८ सालीं तयार केला. तेथील फेऱ्यांत तेंच तें पाणी फिरत असल्यानें बिडाचें अंग चालतें. आपल्या फेऱ्यांत रोज ताजें पाणी येतें. तें बिडास गंजवितें. म्हणून कांशाचें किंवा स्टेनलेस स्टीलचें अंग घ्यावें. पट्टीवर पाण्याचें कमाल उष्णमान वाचावें. ज्यांची फिरती चकती व दांडा पाण्यांतच बुडालेला असतो ते पंप आवाज करीत नाहींत. पण ते कोरडे चालवूं नयेत, आंतील हवा काढून टाकावी व दांडा आडवाच राहील असे बसवावे. परतीच्या नळावर एकदिशा झडप हवीच, नाहीं तर तोटी उघडतांच तळचें गार पाणी उलट वाटेनें येतें.

न्हाणीघर टांकीपासून २५ फुटांच्या आंत असेल तर मात्र पंप घेऊंच नये. अर्धा इंची नळांत तेथें जेमतेम सव्वा-दीड लिटर पाणी असतें. नळास उष्णतारोधक वेष्टण घातलें कीं पुरे. लांब घरांतही वेष्टण आधीं, पंप मागाहून.

माझ्याकडे हल्लीं लहान पंप घड्याळी कळीवर पहांटे पांच ते आठ चालतो. जुन्याचें सील बदलून तो गोठ्याच्या हौदावर नेला आहे. तेथें पाणी खरोखरच उचलावें लागतें, व तो तें बिनतक्रार उचलतो.